गोठलेल्या तळ्यावरची शेगडी

माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटात असतो. तिथे हिवाळ्यात तळी गोठतात आणि लोक त्या गोठलेल्या तळ्यावर तंबू ठोकतात, बर्फाला भोक पाडतात आणि आत बसून मासे गरवतात. भाच्याला गरवायचा नाद लहानपणापासूनचा, सुट्टीत हर्णैला आला की गरी आणि दोरा घेऊन खडपावर बसायचा. यंदा त्याने स्वतःचा तंबू घेतला आणि मला फोन करून विचारलं, "मामा, आत लावायला प्रोपेनचा हीटर घ्यायचाय. कुठला घेऊ?"

मला विचारलं, कारण दापोली-हर्णै पट्ट्यात गॅसच्या शेगड्या, गीझर, हॉटेलांच्या भट्ट्या बसवणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. गोठलेल्या तळ्यावर मी कधी पाय ठेवलेला नाही. पण चार भिंतींच्या आत पेटवलेला जाळ हर्णैत आणि मिनेसोटात एकाच रीतीने जळतो, आणि तो रोज जवळून बघणारा माणूस म्हणून मला या प्रश्नाचं उत्तर नीट द्यावंसं वाटलं. शिवाय या वेळी तो सहा वर्षांच्या लेकीलाही सोबत नेणार आहे. ताईने, म्हणजे त्याच्या आईने, हे ऐकल्यापासून माझ्यामागे धोशा लावला होता, "तू त्याला नीट समजावून सांग रे, माझं तो ऐकायचा नाही."

आपल्याकडे बर्फ कारखान्यातून येतो. लादी क्रशरमध्ये घालायची, चुरा बोटीच्या खणात मासळीवर थराथराने पसरायचा. तिकडे बर्फ ही पायाखालची जमीन. पाणी सुमारे ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, त्यापेक्षा गार झालं की हलकं होऊन वर येतं, म्हणून तळं वरून गोठतं आणि खाली पाणी राहतं. त्या पाण्यात वॉलआय, पर्च असे मासे थंडीभर फिरत असतात. स्वच्छ, कडक बर्फ निदान ४ इंच जाड झाल्याशिवाय त्यावर चालू नये असं तिथलं राज्य सरकारचं मत्स्य-वन खातं दरवर्षी लोकांना सांगतं. गाडी न्यायची तर त्याहून कितीतरी जाड लागतो. बाहेर उणे २० अंश. हातमोजे काढल्याशिवाय गरीला आमिष लावता येत नाही, आणि हातमोजे काढले की बोटं कामातून जातात. पाडलेल्या भोकावर पुन्हा बर्फाची साय धरते ती वेगळीच. तेव्हा हीटर लागतो, हे मला पटलं. दापोलीत जानेवारीत पारा ८-१० अंशांवर आला की आपण शेकोटीपाशी बसतो, तिथे तर बोलायलाच नको.

आता प्रोपेनच का? आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचं मिश्रण असतं. त्यातला काही भाग आपल्याच समोरच्या समुद्रातून येत आला आहे. मुंबई हायचा तेल-वायूचा साठा १९७४ साली सापडला आणि त्या वायूतून उरणच्या ओएनजीसीच्या प्रकल्पात एलपीजी वेगळा काढतात. सिलिंडरमध्ये हे दोन्ही द्रवरूपात असतात आणि शेगडीपर्यंत यायचं तर त्यांची वाफ व्हावी लागते. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. म्हणजे गोठणबिंदूच्या खाली गेलं की तो सिलिंडरच्या तळाशी पाण्यासारखा पडून राहतो, नॉब कितीही फिरवा. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ देतो. आपला १४.२ किलोचा सिलिंडर तसाच उचलून त्या तळ्यावर नेला तर आधी त्यातला प्रोपेन जळून जाईल आणि मग अर्धा भरलेला सिलिंडर मुका होईल.

पण प्रोपेनलाही थंडी बाधते, आणि हे बघायला अमेरिकेला जावं लागत नाही. कुठल्याही लग्नाच्या मांडवामागे जा. आचाऱ्याने मोठ्या भट्टीला १९ किलोचा बाटला लावलेला असतो आणि तासाभराने बाटल्याच्या खालच्या भागावर आधी दव, मग पांढरं दहिवर धरतं. मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना. द्रवाची वाफ होताना ती उष्णता बाटल्याच्या पत्र्यातून ओढून घेते, पत्रा गार पडतो, दाब उतरतो आणि भट्टी मंदावते. मग आचारी बाटला पाण्याच्या टबात उभा करतो. मी भाच्याला म्हटलं, तुझ्या तंबूत हेच होणार, फक्त पत्रा आधीच गोठलेला असणार. तिकडे हीटरला लावायच्या १ पौंडाच्या छोट्या बाटल्या मिळतात, त्यांचा पत्राच तेवढासा, त्या लवकर दमतात. २० पौंडांचा मोठा सिलिंडर तंबूच्या बाहेर ठेवून नळीने गॅस आत आणला तर तो जास्त वेळ साथ देतो, आणि सिलिंडर बाहेर राहतो हा त्याहून मोठा फायदा. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड. गळला तर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो, आणि तंबूत जमिनीलगतच जाळ आहे.

त्याने तीन हीटरचे फोटो पाठवले होते. एक सिलिंडरच्या डोक्यावर बसणारा, उघड्या तबकडीचा. तो मी बघताक्षणी बाद केला. तसले हीटर बहुतेक उघड्यावर वापरायचे असतात आणि त्यांना पुढे सांगतो ते संरक्षण नसतं. दुसरा पेटीसारखा, हातात धरून नेता येणारा, आतल्या सिरॅमिकच्या जाळीदार फरशा लाल होऊन उष्णता फेकतात तो, ताशी ४,००० ते ९,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णता मोजायचं माप). तिसरा तसाच पण दुप्पट, १८,००० बीटीयूपर्यंत जाणारा. भाच्याचा ओढा अर्थातच तिसऱ्याकडे. "मामा, लेक आहे सोबत, तिला थंडी वाजायला नको."

मी त्याला हिशेब मांडून दाखवला. ९,००० बीटीयू म्हणजे साधारण २,६०० वॅट. घरात वापरतो तो मोठा विजेचा हीटर २,००० वॅटचा असतो आणि तो अख्खी खोली तापवतो. त्याचा तंबू सहा बाय सहा फुटांचा, साडेसहा फूट उंच, तोही आत कापसासारखा थर असलेल्या नव्या कापडाचा. तिथे दुसरा हीटर मंद ठेवला तरी जाकीट घालून आरामात बसता येईल. १ पौंड प्रोपेनमध्ये साधारण २१,५०० बीटीयू असतात, म्हणजे मंद आचेवर छोटी बाटली पाच तास, पूर्ण आचेवर अडीच तासही नाही. ते झालं इंधनाचं. पण मला त्याला दाखवायचा होता तो दुसरा हिशेब, हवेचा.

पूर्ण आचेवर तो ९,००० चा हीटर तासाला साधारण ५०० लिटर ऑक्सिजन खातो. शांत बसलेला माणूस खातो १५ लिटरच्या आसपास. म्हणजे हीटर पेटवला की त्या सहा बाय सहाच्या तंबूत तीसेक माणसं येऊन बसली असं समजायचं. तंबूत मिळून हवा असते सुमारे ६,६०० लिटर, त्यात ऑक्सिजन १,४०० लिटरच्या आतबाहेर. तंबूला कुठेही फट नाही असं धरलं तर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्क्यांवरून १८ वर यायला अर्धा तासही लागणार नाही. अठरा हजारांचा हीटर लावला तर वेळ निम्मा. फोनवर तो गप्पच झाला.

ही गोष्ट आपल्याकडे माणसांना सांगताना मला नेहमी बाळंतिणीची खोली आठवते. पूर्वी घराघरांत बाळंतिणीला शेकशेगडी असायची. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओव्याची, बाळंतशोपाची धुरी, दारं-खिडक्या लावून घेतलेल्या, वारा लागू नये म्हणून. निखारे मुद्दाम चांगले फुललेले, धूर न येणारे घ्यायचे. धूर नाही म्हणजे त्रास नाही, असं सगळ्यांना वाटायचं. खरं तर फुललेल्या कोळशातूनच कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू भरपूर निघतो, आणि त्याला ना रंग ना वास. तरीही त्या खोल्यांतून आया आणि बाळं सुखरूप बाहेर यायची, याचं श्रेय मी आपल्या जुन्या कौलारू घरांना देतो. कौलांच्या मधून आभाळ दिसायचं. भिंत वाशांपर्यंत पोचायचीच नाही, वर हातभर मोकळी जागा असायची. दार लावलं तरी उंबऱ्याखालून वारा यायचा. शेगडी तीच, पण घर श्वास घेत होतं. आता स्लॅबची घरं आली, अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या, रबराची पट्टी लावून त्या घट्ट बसतात. आणि त्या घरांत आपण गॅसचा गीझर बाथरूमच्या आत लावतो. थंडीच्या दिवसांत बंद बाथरूममध्ये माणसं बेशुद्ध सापडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यातल्या कितीतरी या एका कारणाने.

मागच्या थंडीत जवळच्या एका वाडीतून बोलावणं आलं. तक्रार एवढीच की गीझर लावून अंघोळ केली की सुनेचं डोकं चढतं, मळमळतं. घरचे म्हणत होते, तिला कढत पाणी सोसत नाही. बाथरूम चार बाय पाच. वरच्या झरोक्याला, डास येतात म्हणून, प्लॅस्टिकचा कागद चिकटपट्टीने पक्का लावलेला. मी गीझर पेटवला, पाणी सोडलं, दार लोटलं आणि बाहेर उभा राहून फटीतून ज्योतीकडे बघत राहिलो. आधी ज्योतींची रांग निळी, आखूड, ताठ. थोड्या वेळाने टोकं पिवळी व्हायला लागली. मग ज्योती लांबट होऊन लवलवायला लागल्या, जणू शोधत होत्या काहीतरी, आणि वरच्या तांब्याच्या पात्यांवर काजळीचा बारीक थर दिसायला लागला. गॅस बंद केला, दार सताड उघडलं, झरोक्याचं प्लॅस्टिक फाडून काढलं. थोड्या वेळाने पुन्हा पेटवलं तेव्हा ज्योत पुन्हा निळी. सासूबाई म्हणाल्या, "पण गॅसचा वास कधीच आला नाही हो." तो वास न जळलेल्या गॅसचा. गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन नावाचं द्रव्य त्यात मुद्दाम घालतात, आणि गॅस जळला की तेही जळून जातं. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो, तो मात्र आपली वर्दी देत नाही. त्याच आठवड्यात गीझर बाहेरच्या भिंतीवर, पागोळीखाली नेऊन लावला, आत फक्त गरम पाण्याची नळी.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त जोराने चिकटतो. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात तो स्वतः हुंगून स्वतःवरचा परिणाम नोंदवला होता, आणि त्याच्याच सांगण्यावरून कोळशाच्या खाणींत पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी न्यायला लागले. ब्रिटनच्या खाणींतून ते पक्षी १९८६ साली निवृत्त झाले. आधी डोकं दुखतं, मळमळतं, पाय जड होतात, आणि त्याबरोबर विचारही मंदावतो. उठून दार उघडावं हे सुचायच्या आतच सुचणं कमी होतं, म्हणून मला या वायूची भीती वाटते. मोकळ्या हवेत आणलं तरी रक्तातला निम्मा वायू निघून जायला चार-पाच तास लागतात.

भाचा म्हणाला, "मी ऑक्सिमीटर ठेवीन ना खिशात." कोविडपासून घरोघरी तो चिमटा आला आहे, तेव्हा हे सगळ्यांनीच ऐकून ठेवावं. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर ऑक्सिजन चिकटलेलं रक्त आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त यांत फरक करू शकत नाही, त्याला दोन्ही लालच दिसतं. माणूस कोसळायच्या बेतात असला तरी तो ९८ दाखवेल.

मग आम्ही दुसऱ्या हीटरच्या आतल्या भागाकडे वळलो. त्याने दुकानातूनच व्हिडिओ कॉल लावला आणि जाळीतून कॅमेरा आत धरला. मुख्य फरशीच्या कडेला एक बारीकशी पायलट ज्योत, आणि तिच्या टोकावर धरलेली काडीपेटीच्या काडीएवढी धातूची कांडी. ती थर्मोकपल. आपल्या गीझरमध्ये, काही शेगड्यांमध्येही असते. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापला की किंचितशी वीज तयार होते, काही मिलिव्होल्ट, आणि तेवढ्या विजेवर एक छोटं लोहचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतं. या हीटरमध्ये ती पायलट ज्योत अशी जुळवलेली असते की हवेतला ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत आपली जागा सोडून वर उचलली जाते, कांडी गार पडते, वीज थांबते, झडप खट्कन बंद. बॅटरी नाही, सर्किट नाही. माझ्या कामात बघितलेल्या यंत्रांपैकी इतकं साधं आणि इतकं भरवशाचं फार थोडं आहे. हे संरक्षण ज्यात नाही तो हीटर तंबूत न्यायचाच नाही, हे मी त्याला ठासून सांगितलं. हीटर कलंडला तर गॅस बंद करणारी कळही हवी. बर्फावर थेट ठेवलेला हीटर आपल्या खालचा बर्फ वितळवून हळूहळू तिरका होतो, म्हणून खाली लाकडाची फळी.

पण ती कांडी ऑक्सिजन ओळखते, कार्बन मोनॉक्साइड नाही. फरशीत कचरा अडकला, कोळ्याने जाळं केलं, ज्योत नीट जळत नसली, तर ऑक्सिजन ठीक असतानाही विषारी वायू निघू शकतो. त्यासाठी वेगळा अलार्म हवा, आणि तो बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर. हा वायू हवेइतकाच वजनाचा, वर-खाली न जाता हवेत मिसळून राहतो. घरगुती अलार्म बहुतेक गोठणबिंदूच्या वरच्या हवेसाठी बनवलेले असतात, तेव्हा थंडी सोसणारा, गाड्यांसाठी किंवा बोटींसाठी बनवलेला बघून घे म्हटलं, आणि तंबूत पोचेपर्यंत जाकिटाच्या आत ठेव.

त्याला सगळ्यांत जड गेलं ते फट ठेवणं. एवढे पैसे देऊन उबदार कापडाचा तंबू घ्यायचा आणि त्याला भोक ठेवायचं? हो. एक खाली, एक वर, हीटरच्या पुस्तिकेत दिलेल्या मापापेक्षा तसूभरही लहान नाही, आणि बर्फ साचून ती बुजली नाहीत ना हे मधूनमधून बघायचं. जितका तंबू चांगला, तितकी ती फट जास्त गरजेची. शिवाय १ पौंड प्रोपेन जळला की पाऊण लिटर पाण्याची वाफ तयार होते. फट नसेल तर ते पाणी कापडाला आतून दहिवर होऊन धरतं आणि मग थेंब थेंब अंगावर पडतं, ओल्या अंगाला थंडी दुप्पट. फट ठेवली की तंबू कोरडा राहतो, म्हणून ऊबही जास्त वाटते. हे मात्र त्याला लगेच पटलं. श्रावणात दारं-खिडक्या लावून ठेवलेलं घर कसं ओलसर, कुबट होतं ते त्याने पाहिलेलं आहे.

हीटर लावून झोपायचं नाही, हेही कबूल करून घेतलं. आपल्या बोटींवर जानेवारीच्या रात्री केबिनचं दार लोटून स्वयंपाकाच्या शेगडीच्या आचेवर हात शेकत डोळा लागलेले खलाशी असतात, आणि मी बंदरावर तांडेलांना हेच सांगत असतो, की दार अर्धं उघडं ठेवा, गार वाटलं तर चादर घ्या. पोरीसाठी त्याला सांगितलं की तिला लोकरीचे थर चढव, हातात गरम सूप दे, आणि तिने डोकं दुखतंय म्हटलं तर आधी तिला घेऊन बाहेर पड, कारण नंतर शोध.

शेवटी त्याने तिघांतला दुसरा, ९,००० बीटीयूचाच हीटर घेतला. जोडण्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायची आपली पद्धत तिथे तळ्यावर चालणार नाही, लावता लावता पाणी गोठेल. ते घरीच, अंगणात, उजेडी करायचं ठरलं. पुढे आणि वर दोन-अडीच फूट तरी कापड लांब राहील अशी जागा त्याने तंबूत खडूने आखून ठेवली आहे.

राहिलं ते नळीचं. मोठ्या सिलिंडरपासून येणाऱ्या साध्या रबरी नळीतून, दाब जास्त असला की, रबरातला तेलकट अंश गॅसबरोबर वाहत येतो आणि हीटरच्या बारीक छिद्राशी जाऊन बसतो. वरून काहीच दिसत नाही, ज्योत मात्र अशक्त होत जाते आणि पायलट वारंवार विझते. यावर मध्ये फिल्टर लावायचा किंवा हा त्रास न होणारी नळी घ्यायची. त्याने फिल्टर मागवला आहे. तो येईपर्यंत छोट्या बाटल्यांवरच काम चालवायचं, जास्तीच्या बाटल्या तंबूच्या बाहेर ठेवायच्या, आणि बदलायची वेळ आली की हीटर बाहेर नेऊनच बदलायची, असं आमचं ठरलं आहे.